श्रमसंस्कार शिबिराची विद्यार्थी प्रतिनिधी व्हावे का?

प्रश्न : माणगंगाकाठ

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवले, वर्षाचे १२० तास पूर्ण केले आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या विशेष श्रमसंस्कार शिबिरालाही गेले. यंदा आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांनी मला डिसेंबरच्या शिबिराची विद्यार्थी प्रतिनिधी होण्याविषयी विचारले आहे. शिबिरात ५० स्वयंसेवक असतील आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुली आहेत. उत्तर देण्यासाठी माझ्याकडे पंधरा दिवस आहेत.

माझी एक अडचण घरची आहे. वडिलांचा विरोध नाही, पण ते सरळ विचारतात, ‘यातून तुझ्या हाती काय येणार?’ आमची कोरडवाहू शेती आणि चार जनावरे आहेत, त्यामुळे मुलीचा वेळ कुठे जातो हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, असे मी मानते. प्रमाणपत्र मिळते, एवढेच उत्तर मला आजवर देता आले आहे, आणि ते मलाच पुरेसे वाटत नाही.

दुसरी अडचण माझ्या मनाची आहे. गेल्या वर्षीच्या शिबिरात आम्ही शाळेची भिंत रंगवली, प्रभातफेरी काढली, व्यसनमुक्तीवर पथनाट्य केले आणि ग्रामपंचायतीसमोरचा रस्ता रोज झाडला. निरोपाच्या दिवशी एका आजींनी आमच्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे ठेवले, तेव्हा मला रडू आवरले नाही. पुढे एप्रिलमध्ये त्याच गावावरून एसटीने जाताना टँकरभोवती हंड्यांची रांग दिसली. आम्ही रंगवलेली भिंत त्या रांगेच्या मागेच होती. सात दिवस त्या गावात राहून आम्ही पाण्याविषयी कोणाला एक प्रश्नही विचारला नव्हता, हे त्या क्षणी लक्षात आले आणि ते अजून मनातून जात नाही.

प्रतिनिधी झाल्याने खरोखर काही शिकायला मिळते का, त्या मुलामुलीला निर्णयात कितपत वाव असतो, आणि त्यापेक्षा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची निवड, चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथचे शिबिर किंवा ‘निर्माण’ हा युवकांसाठीचा उपक्रम यांसाठी प्रयत्न करणे अधिक योग्य ठरेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : निवृत्त कार्यक्रम अधिकारी

टँकरची रांग पाहून जिला आपले शिबिर आठवते, तिने ही जबाबदारी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात चार वर्षे कार्यक्रम अधिकारी होतो. हे पद तीन वर्षांसाठी असते आणि फार तर एक वर्षाची वाढ मिळते. त्या चार वर्षांत मी ज्या चुका केल्या, त्यांतल्या एकीविषयी तुम्हाला सविस्तर सांगणार आहे.

आधी वडिलांचा प्रश्न. विद्यार्थ्याने समाजासाठी वेळ द्यावा का, तो सक्तीने द्यावा की स्वेच्छेने, आणि त्याच्या पदरात काय पडावे, हा वाद राष्ट्रीय सेवा योजनेपेक्षा जुना आहे. १९५९ मध्ये केंद्र सरकारने यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख होते, आणि माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी, अशी त्या समितीची शिफारस होती. खर्च आणि अंमलबजावणी या दोन्ही बाजूंनी ती झेपण्यासारखी नव्हती. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतील अशा योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिक ठेवावी असा कौल दिला. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. तुम्ही छातीवर जो बिल्ला लावता, त्यावरचे कोणार्कच्या रथाचे चाक आठ आऱ्यांचे आहे, आणि ते आठ आरे दिवसाचे आठ प्रहर मानले जातात.

व्यवहारात पदरी पडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळते, काही विद्यापीठांत सवलतीचे गुण मिळतात, आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेवर राष्ट्रीय सेवा योजनेतील एका विद्यार्थ्याच्या नामनिर्देशनाची तरतूद आहे. केवळ त्या कागदावर नोकरी लागत नाही, हे वडिलांना खरे खरे सांगा. मात्र पन्नास माणसांच्या सात दिवसांच्या शिध्याचा हिशेब रुपयाला रुपया जुळवणे, तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहून त्याची पोच घेणे, आणि एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन मुलींकडून एकाच चुलीवर स्वयंपाक करवून घेणे, या तीन गोष्टी ज्या मुलीला विसाव्या वर्षी जमतात, ती पुढे कोणत्याही कार्यालयात गेली तरी अडत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी हे पाहिले आहे.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी आम्ही जानेवारीत शिबिर घेतले आणि ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या पोत्यांचा तात्पुरता बांध, बांधला. पोती भरली, रचली, सर्वांनी मिळून छायाचित्र काढले. ओढा मात्र तेव्हा महिनाभर आधीच कोरडा पडला होता. समारोपाला एक वयस्कर शेतकरी आले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, पाणी गेल्यावर दार लावलंत.’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते मला समजावून सांगत होते. आमचे शिबिर परीक्षेच्या वेळापत्रकावर ठरले होते आणि ओढा पावसाच्या वेळापत्रकावर चालतो, ही साधी गोष्ट पन्नास शिकलेल्या मुलांच्या आणि माझ्या ध्यानात आली नव्हती.

पुढच्या वर्षी ऑगस्टमधील पहिल्याच बैठकीत वाणिज्य शाखेची एक अबोल मुलगी उठली आणि तिने विचारले, ‘सर, हा ओढा नक्की आटतो कधी?’ उत्तर कोणाकडेच नव्हते. ती पुढच्या रविवारी स्वतः गावात गेली, तीन घरी विचारून आली आणि तिने वहीत लिहून आणले की, दसऱ्यानंतर धार बारीक होते आणि कार्तिकीच्या सुमारास ती तुटते. त्या एका ओळीवर आमचे वर्षाचे नियोजन बदलले. नियमित कार्यक्रमाच्या १२० तासांपैकी साधारण २० तास उद्बोधनाचे, ३० तास महाविद्यालयाच्या आवारातील कामाचे आणि ७० तास प्रत्यक्ष समाजातील कामाचे धरलेले असतात. त्या ७० तासांतून आम्ही ऑक्टोबरमधले दोन रविवार काढले आणि शिबिराची वाट न पाहता बंधारा बांधून टाकला.

काम कसे झाले ते थोडे सांगतो, कारण प्रतिनिधीचे शिक्षण तिथे होते. सिमेंटची आणि खताची रिकामी पोती मुलांनी बांधकामांवरून आणि दुकानांतून महिनाभर गोळा केली होती. ओढ्याच्या तळातली वाळू आणि सुटे दगड काढून खालचा घट्ट थर लागेपर्यंत उकरले. पोते तीन चतुर्थांशच भरायचे, तोंड दाभण-सुतळीने शिवायचे, आणि विटेवर वीट चढते तसे खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचे पोते बसवायचे, मधल्या फटींत चिकणमाती ठासायची. मुलांना जोर दाखवायचा होता, म्हणून ती पोती तोंडापर्यंत भरू लागली. गच्च भरलेले पोते गोल होते आणि नीट बसत नाही, शेजारी फट राहते. त्या मुलीने आरडाओरड केली नाही. तिने तसे एक गच्च पोते थरावर ठेवायला लावले आणि फटीतून पलीकडचा उजेड सगळ्यांना दाखवला. त्यानंतर कोणालाही दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जनावरांना फेब्रुवारीपर्यंत पाणी पुरले. एवढेच झाले, त्याहून मोठा दावा मी करणार नाही. असा बंधारा एका हंगामापुरताच असतो, उन्हाने पोती फाटतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधावा लागतो.

निर्णयात किती वाव असतो, असे तुम्ही विचारले आहे. नियमाने पाहिले तर फार थोडा. खर्चाची सही कार्यक्रम अधिकाऱ्याची, गावाची निवड महाविद्यालयाची, दिनक्रमाचा आराखडा ठरलेला. परंतु सकाळचे श्रमदान कोठे करायचे, गटांत कोण असेल, कोणत्या घरी कोणता प्रश्न विचारायचा, या गोष्टी बहुतेक ठिकाणी रिकाम्या पडलेल्या असतात, आणि जो त्यांची तयारी करून येतो त्याचे ऐकले जाते. सरांकडे ‘मी काय करू’ असे विचारत जाऊ नका. गावाला भेट देऊन या आणि कागदावर तीन प्रस्ताव लिहून न्या.

प्रतिसाद २ : कृष्णाकाठचा

सरांशी सहमत आहे. संचलनाविषयी विचारले आहे, त्यावर मी बोलू शकतो, कारण मी त्या निवडीत विभागीय शिबिरापर्यंत पोहोचलो होतो आणि तिथून परत आलो.

महाविद्यालय, विद्यापीठ आणि मग विभाग अशा चाळण्या लागतात. कवायत, सांस्कृतिक सादरीकरण आणि मुलाखत पाहिली जाते, आणि अखेरीस संपूर्ण देशातून सुमारे २०० स्वयंसेवक जानेवारीत महिनाभर दिल्लीत राहून २६ तारखेला कर्तव्यपथावर उतरतात. मान मोठा आहे, शिस्त अंगी मुरते, आणि देशभरची मुले भेटतात. तयारी करावीशी वाटत असेल तर जरूर करा, दत्तक गावातील काम त्याच्या आड येत नाही. मात्र निवड झाली नाही म्हणून वर्ष वाया गेले असे वाटू देऊ नका. मला ते वाटले होते, आणि त्यातून मला बाहेर काढले ते ऑगस्ट २०१९ च्या महापुराने.

त्याआधीच्या वर्षी मी ‘आव्हान’ या राज्यस्तरीय आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण शिबिराला गेलो होतो. तिथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान शिकवतात. दोरीच्या गाठी, चादर आणि बांबूंचा स्ट्रेचर, बुडणाऱ्याला हात न देता काठी किंवा दोर का द्यायचा, हे सगळे हातांनी करून घेतात. सांगलीत पाणी ओसरल्यावर आम्ही तीस जण एका वस्तीत साफसफाईसाठी गेलो, तेव्हा त्या गाठींचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो तिथे शिकलेल्या एका सवयीचा, ती म्हणजे आधी पाहणी आणि मग काम.

खरे तर पहिल्या दिवशी मी ती सवयही विसरलो. ओळखीच्या एका काकांनी हाक मारली आणि तीसच्या तीस जण त्यांच्या घरात शिरलो. दोन खोल्यांच्या घरात तीस माणसे काम करू शकत नाहीत, निम्मी नुसती उभी राहतात. दुपारी बाहेर आलो, तर बोळाच्या टोकाला एक एकट्या राहणाऱ्या आजी ओसरीवर बसून होत्या. त्या सकाळपासून आमच्याकडे पाहत होत्या. त्यांना हाक मारायचा संकोच वाटला होता. पुराचा गाळ ओला असेपर्यंत फावड्याने निघतो, पण एकदा वाळला की फरशीला धरून बसतो आणि खरवडून काढावा लागतो. आमच्या त्या चुकीमुळे आजींच्या घरातला गाळ दुसऱ्या दिवशी तिप्पट कष्टाने काढावा लागला.

त्या रात्री मी एक वही केली. बोळ, घर, घरात कोण आहे, घरात चालू-फिरू शकणारे किती, पाणी कुठवर चढले होते, काय लागेल (फावडी, घमेली, ब्लीचिंग पावडर, पिण्याचे पाणी), कोण जाणार आणि काम पुरे झाले का. सहा-सहा जणांचे पाच गट केले आणि ज्या घरात हाताखाली माणूस नाही ते घर आधी, असा एकच नियम ठेवला. ओळखीचे काका दुसऱ्या दिवशी माझ्यावर नाराज झाले, कारण त्यांचा माडीखालचा गाळ राहिला होता. त्यांना ‘नाही’ म्हणताना माझा आवाज कापत होता. प्रतिनिधी व्हाल तेव्हा तुमच्यावरही अशी वेळ येईल, बहुधा मैत्रिणीच्याच बाबतीत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

प्रतिसाद ३ : माजी सरपंच

ताई, माझ्या गावात वेगवेगळ्या महाविद्यालयांची पाच शिबिरे झाली. पोरे गुणी असतात, आठवडाभर गावाला पोरक्यासारखे वाटत नाही, हे आधी मनापासून सांगतो. पण गावाच्या बाजूने काही गोष्टी दिसतात त्या तुम्हा मंडळींना दिसत नाहीत, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, डिसेंबरात तुम्ही घरोघर सर्वेक्षण करता तेव्हा सर्वांत अडलेली घरे गावात नसतातच. आमच्यासारख्या दुष्काळी भागातली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्या दाराला कुलूप असते, तुम्ही ‘घर बंद’ असे लिहिता आणि पुढे जाता. मग गावाचा जो अहवाल तयार होतो, त्यात तीच माणसे नसतात. तुमच्या गावची काही घरे जात असतील, तर त्यांच्याकडे सप्टेंबरातच जाऊन या. मुलांना मागे कोणाजवळ ठेवणार आहेत की बरोबर नेणार आहेत, मुलाचा शाळेतला दाखला कुठे आहे, एवढे विचारले तरी शाळेच्या गुरुजींना मोठी मदत होते.

दुसरी पाण्याची. पन्नास मुले शाळेत उतरतात, अंघोळ, स्वयंपाक, शौचालय हे सगळे शाळेच्या टाकीवर. एका शिबिरात तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाली आणि शाळेच्या पोरांना प्यायला पाणी राहिले नाही. कोणी काही बोलले नाही, कारण पाहुण्याला बोलत नाहीत. तुम्ही येण्याआधीच ग्रामसेवकांना विचारून पाण्याची सोय लावा, जमल्यास खर्चात धरा.

तिसरी गोष्ट बायकांच्या बैठकीची. ती दुपारी तीनला ठेवली तर बाया रानात असतात, आणि संध्याकाळी सहाला ठेवली तर चुलीपाशी. आमच्याकडे रात्री जेवणे उरकल्यावर साडेआठला मारुतीच्या देवळात चाळीस बाया आल्या होत्या, आणि ते मुलींच्या गटाने एका म्हातारीला विचारून ठरवले होते म्हणून जमले.

आता गावाला काय उपयोगी पडले ते सांगतो. एका वर्षीच्या मुलांनी भिंती रंगवल्या नाहीत. त्यांनी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली आणि श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे कोणाला मिळत नाहीत ते शोधले. अकरा जण निघाले. कोणाकडे वयाचा पुरावा नव्हता, कोणाचा उत्पन्नाचा दाखला काढलेला नव्हता, एका आजीचे नाव आधार कार्डावर वेगळे आणि शिधापत्रिकेवर वेगळे होते. मुलांनी सात दिवसांत अर्ज भरले आणि मग त्यांतली दोन मुले शिबिर संपल्यावरही चार वेळा तहसीलला गेली. ती दोन मुले आजही गावात आली की कोणाच्याही घरी जेवू शकतात. तुमच्या गावची ग्रामसभा २ ऑक्टोबरला असेल. शिबिराचा विषय त्या सभेत ठेवायला सांगा आणि तुम्ही स्वतः उभे राहून विचारा की, आम्ही काय करावे. तोवर काही ठरवू नका.

प्रतिसाद ४ : झाडीपट्टी

सोमनाथ आणि ‘निर्माण’ यांविषयी थोडक्यात लिहितो. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या सोमनाथ प्रकल्पावर श्रमसंस्कार छावणी भरते, साधारणपणे १५ ते २२ मे या काळात. विदर्भाचे मे महिन्यातले ऊन लक्षात घेऊन जा, श्रमदान पहाटेच उरकले जाते आणि उरलेला दिवस चर्चा, भेटी आणि गाण्यांचा असतो. ‘निर्माण’ हा उपक्रम डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ मध्ये सुरू केला. त्यासाठी वयाची मर्यादा १८ ते २९ आहे, सविस्तर अर्ज आणि मुलाखतीतून निवड होते आणि शिबिरे गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये होतात. त्या अर्जात स्वतःविषयीचे प्रश्न असतात, आणि तुम्ही टँकरच्या रांगेविषयी वर जे लिहिले आहे, तसे काही लिहिण्याजोगे ज्याच्याजवळ असते त्याला ते प्रश्न अवघड जात नाहीत. या दोन्ही वाटा डिसेंबरच्या शिबिरानंतरही मोकळ्या आहेत. तेव्हा आधी गाव, असे माझे मत.

प्रतिसाद ५ : ब्रेलवाचक

मी दृष्टिहीन आहे आणि पदव्युत्तर पदवीपर्यंतच्या माझ्या सगळ्या परीक्षा लेखनिकांच्या, म्हणजे मी सांगितलेले उत्तर लिहून देणाऱ्यांच्या, मदतीने दिल्या आहेत. प्रश्न शिबिराचा आहे, तरी एक सुचवावेसे वाटते. शिबिराआधी आपल्या गटातल्या प्रत्येकाने एकदा तरी कोणाचा तरी लेखनिक व्हावे. पात्रतेची अट परीक्षेनुसार वेगळी असते, ती आधी पाहून घ्यावी लागते.

यात शिकण्यासारखे काय आहे ते सांगतो. माझी एक लेखनिक फार हुशार होती. मी सांगितलेले वाक्य तिला कच्चे वाटले की ती मनानेच सुधारून लिहीत असे. तिचा हेतू चांगला होता, पण पेपर माझा होता. दुसरी मुलगी प्रश्न दोनदा सावकाश वाचायची, गुण आणि उरलेली मिनिटे सांगायची, माझे वाक्य होईपर्यंत थांबायची आणि मी विचारल्याशिवाय एक शब्दही बोलायची नाही. ती परीक्षेच्या दिवशी अर्धा तास आधी येऊन दाराशी उभी असायची, आणि तो अर्धा तास मला इतर कशाहूनही मोलाचा वाटायचा. तुमच्या स्वयंसेवकांनी गावाशी असेच वागावे, असे मला वाटते.

माणगंगाकाठ (प्रश्नकर्ती)

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांविषयी वाचून मी गेल्या वर्षीच्या सर्वेक्षणाचे तक्ते काढून पाहिले. आमच्या गटाच्या तक्त्यांत १४ घरांपुढे ‘बंद’ असे लिहिलेले आहे, आणि त्यांतले चार शेरे माझ्याच हातचे आहेत.

एक शंका उरली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत राष्ट्रीय सेवा योजना सहअभ्यासक्रम म्हणून निवडली की त्याचे दोन क्रेडिट मिळतात. त्यामुळे यंदा नावे नोंदवणाऱ्यांची गर्दी झाली आहे, पण बऱ्याच जणांना केवळ कार्यदैनंदिनीवर सही हवी आहे. मागच्या रविवारी परिसर स्वच्छतेला ३८ जण आले आणि सही झाल्यावर अर्ध्या तासात ११ उरले. अशा मुलांना घेऊन गावात जायचे का? मला त्यांचा राग येतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो, हे मला कळते.

निवृत्त कार्यक्रम अधिकारी

मी सुरुवातीला सक्ती आणि स्वेच्छा यांचा जो वाद सांगितला, तोच आता क्रेडिटच्या रूपाने तुमच्यासमोर आला आहे. माझे वैयक्तिक मत विचाराल तर, सेवेला अभ्यासक्रमात जागा मिळाली हे योग्यच झाले, कारण त्यामुळे शेतावर किंवा दुकानात काम करून शिकणाऱ्या मुलालाही हा वेळ ‘अभ्यासाचा’ म्हणून घरी मागता येतो. तो मुलगा सही झाल्यावर निघून गेला असेल, तर आधी तो कुठे गेला हे विचारा. माझ्याकडे असाच पळणारा एक मुलगा होता. पुढे कळले की, तो अकराच्या गाडीने जाऊन दूध संकलन केंद्रावर बसत होता.

सहीचा घोळ मात्र तासांमुळे होतो. ‘दोन तास स्वच्छता’ असे लिहिले की माणूस घड्याळाकडे पाहतो. कामाची नोंद नगाने करा. ‘बोळ क्रमांक दोनमधील नऊ घरांच्या पाण्याच्या साठवणीची माहिती घेतली, तक्ता पूर्ण’ अशी नोंद झाली आणि तक्ता हातात आला की सही. प्रत्येकाला पूर्ण करता येईल असे, त्याच्या नावाने ओळखले जाईल असे छोटे काम द्या. ११ मुलांपासून सुरुवात करा, उरलेल्यांपैकी दहा-बारा जण महिनाभरात आपणहून येतात, असा माझा अनुभव आहे. जे येणार नाहीत त्यांना महाविद्यालयाच्या आवारातले ३० तास आहेतच, त्यात रोपवाटिकेचे किंवा ग्रंथालयातील पुस्तके लावण्याचे काम द्यावे. ते कमी प्रतीचे काम आहे असे त्यांना चुकूनही वाटू देऊ नका.

चेहऱ्यावरच्या रागाविषयी एक छोटी सूचना. हजेरी तुम्ही घेऊ नका, दुसऱ्या कोणाकडे सोपवा. तुम्ही पोती मोजा.

माणगंगाकाठ (प्रश्नकर्ती)

काल सरांना होकार दिला. दोन विनंत्या केल्या : शिबिराचा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवण्यासाठी महाविद्यालयाचे पत्र आत्ताच द्यावे, आणि त्याआधीचे तीन रविवार गावात जाण्याची परवानगी असावी. पत्राची प्रत आज मिळाली, परवानगीही मिळाली, मात्र प्रत्येक वेळी एक प्राध्यापिका बरोबर असतील या अटीवर.

येत्या रविवारी आम्ही पाच जणी जाणार आहोत. बंद असलेल्या त्या १४ घरांची यादी घेतली आहे आणि पहिला प्रश्न ठरवला आहे : ओढा कधी आटतो. खताच्या दुकानदारांनी ४० पोती बाजूला ठेवली आहेत. घरी हे सगळे सांगितले, सरांनी सांगितलेल्या त्या तीन गोष्टीही सांगितल्या. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी गावातून परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारले, आणि स्टँडवर न्यायला येतो म्हणाले.